मालवण-आचरा रस्त्यावरचं फौजींचं गॅरेज: गाडी मिळेल, पण आधी सही करा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो दुपारच्या झोपेपायी, त्यावर पुढे बोलतो.

आधी पत्ता. मालवणातून आचऱ्याच्या रस्त्याला लागायचं, कोळंबचा पूल सोडला की कोणालाही विचारा फौजींचं गॅरेज कुठे, शाळेतला पोरगा पण दाखवेल. बोर्ड बिर्ड काही नाही. फणसाखाली पत्र्याची शेड, बाहेर होड्यांची दोन-तीन आउटबोर्ड इंजिनं स्टँडला लटकवलेली, एक बाकडं, आणि बाकड्यावर कायमचा झोपलेला कुत्रा ज्याला उठवायची कोणाची हिंमत नाही, म्हणजे बसायची सोय नाहीच असं धरा. मॅपवरची पिन बघू नका, ती कोणीतरी भलतीकडेच टाकलीय, सरळ खाडीत नेते.

माझं झालं असं की गावच्या घरी आमची जुनी शंभर सीसीची गाडी आहे, वर्षातले दहा महिने पडवीत उभी असते, आम्ही डोंबिवलीवरून मे महिन्यात नि गणपतीत आलो की तिच्यावरच सगळा कारभार. यंदा मे मध्ये काय व्हायला लागलं तर सपाट रस्त्याला नीट, चढ आला की मिसिंग मारायची आणि बंद. आधी दुसऱ्या एका गॅरेजला दिली (नाव घेत नाही, भांडण नकोय), त्याने आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग कार्बोरेटरचा किट, तीन फेऱ्यांत ३८०० रुपये गेले आणि गाडी परत त्याच चढावर त्याच वळणावर बंद. शेवटी मामा म्हणाला ढकलत ने, पण फौजीकडे ने.

काका एअरफोर्समधून रिटायर झालेत. इंजिन फिटर, वीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी मिग-२१ वर. आमच्याकडची पोरं सैन्यात गेली तर बहुतेक नेव्हीत जातात, समुद्र समोरच आहे ना, पण हे आंबोली घाट चढून बेळगावला सांबऱ्याला भरती ट्रेनिंगला गेले, मग तिकडून तांबरमला इंजिन शिकायला. आता साठीला आलेत. हात अजून सर्जनसारखे स्वच्छ. गॅरेजवाल्याचे हात एवढे स्वच्छ बघून मला आधी संशयच आला, हा माणूस काम करतो का नुसता बसतो.

गेल्या गेल्या मी सुरू झालो, काका कार्बोरेटरचा प्रॉब्लेम आहे, बहुतेक जेट चोक होतोय, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "गाडी काय करता ता सांग. कित्या करता ता मी बघतंय." आणि एक लांबट रजिस्टर काढलं. त्यात रकाने आखलेले. तारीख, गाडी, काय स्नॅग (बिघाडाला तिथे स्नॅगच म्हणतात, आख्ख्या वाडीत आता तोच शब्द झालाय, परवा आमची मामी मिक्सरला स्नॅग आला म्हणाली), काय केलं, कोणी केलं, कोणी तपासलं, आणि शेवटी गाडीवाल्याची सही. स्नॅगच्या रकान्यात मी बोललो ते जसंच्या तसं लिहिलं, 'चढावर दुसऱ्या गियरला मिसिंग, मग बंद, दहा मिनिटांनी परत चालू'. ते दहा मिनिटांचं मी सहज बोललो होतो. बिघाड नेमका त्यातूनच सापडला.

टाकीत गंज. खारी हवा, अर्धी टाकी पेट्रोल ठेवून दहा महिने उभी, झाकणाचा रबर गेलेला, आतून पापुद्रे सुटले होते आणि चढावर सगळा कचरा कॉकपाशी जमून पेट्रोल तुटत होतं, गाडी उभी राहिली की कचरा खाली बसायचा, पेट्रोल परत भरायचं, म्हणून ती दहा मिनिटं. टाकी उतरवून धुतली, कॉक साफ केला, झाकणाचा रबर नवा, आधीच्याने काढून टाकलेला पेट्रोलचा फिल्टर परत बसवला. तीन दिवस लागले. बिल ६४० रुपये. काढलेले जुने पार्ट एका ताटलीत, वर चिठ्ठी, हे तुमचं. घेऊन जा नाहीतर इथे टाका, पण बघून घ्या.

आता खरी गंमत तिसऱ्या दिवशीची. संध्याकाळी आमच्या वाडीत देवळात कार्यक्रम, मला सहाला पोचायचं होतं, गाडी तयार, मी किक मारायला पाय टाकलाय आणि तिकडे काकांकडे काम शिकणारी एक आयटीआय झालेली पोरगी आहे, विशीची असेल, ती भिंतीकडे बघून म्हणाली, "काका, धा नंबर नाय."

भिंतीवर एक लाकडी फळा आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली, पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जे ते आपापल्या आकृतीवर लटकतं. एक जागा रिकामी असली की लाल आकृती उघडी पडते, लांबून दिसते. दहा नंबरचा रिंग पाना जागेवर नव्हता. झालं. काकांनी माझ्या गाडीची चावी काढून खिशात टाकली. म्हटलं काका उद्या शोधा ना, मला उशीर होतोय, एका पान्यासाठी काय! तर म्हणे, "घाई तुका आसा, गाडीक नाय." अर्धा तास मी नुसता जळफळत उभा. दोघं शांतपणे पद्धतशीर शोधतायत, आधी शेड, मग काम केलेल्या जागा, मग माझी गाडी. सापडला कुठे, माझ्याच सीटखाली, बॅटरीला टेकून. बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये तो आडवा झाला असता तर काय, ते इथल्या जाणकारांना सांगायला नको.

पाना राहिला होता काकांच्या हातून. मला वाटलं आता पोरीला काहीतरी बोलून विषय फिरवतील, मोठी माणसं तेच करतात. तर ते तिला म्हणाले "बरा केलंस", आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दहा नंबर पाना सीटखाली राहिला, चूक माझी', खाली सही. शेजारी 'तपासलं' मध्ये तिची सही. मग माझ्याकडे रजिस्टर सरकवलं, आता हे सगळं वाचून तू सही कर. कार्यक्रमाला उशीर झाला, पण त्या दिवसापासून मी ह्या गॅरेजचा झालो.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो, काम नव्हतं, म्हटलं हे रजिस्टरचं काय आहे ते विचारू. कुत्र्याशेजारी उभं राहून ऐकलं.

एअरफोर्समध्ये प्रत्येक विमानाचं एक पुस्तक असतं, फॉर्म ७००, बोलताना नुसतं सेव्हन हंड्रेड. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, शस्त्रं लावणारा आर्मरर, ज्याने त्याने आपलं काम केलं की त्यात सही. शेवटी पायलट येतो, वाचतो, सही करतो, विमान ताब्यात घेतो. बस. मग स्वतः विमानाभोवती एक चक्कर मारतो, शिडी चढतो, खालचा एक जण वर जाऊन त्याचे पट्टे आवळून देतो, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याच्या डोळ्यासमोर धरतो, बघ, काढल्या. शिडी निघते, सॅल्यूट होतो, विमान जातं. हत्यार मोजल्याशिवाय विमान सोडायचं नाही हा तिथलाच नियम, एक पाना कमी तर विमान जमिनीवर. टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या पक्क्या जागेवर, सगळे एका ओळीत खाली बघत चालतात आणि खडे, बोल्ट, तारेचे तुकडे वेचतात, कारण जेट इंजिन पुढून जे येईल ते ओढतं.

काका म्हणाले, "सही करूक दोन सेकंद लागतत, पण ती सही घेवन तो वर जाता." ज्याला वर जायचंय त्याने इंजिन उघडून बघितलेलं नसतं, त्याला वेळही नसतो नि ते त्याचं कामही नाही. तो खालच्या माणसाचं अक्षर वाचतो आणि बसतो.

मी विचारलं मग पायलट लोक मान देतात का? तर काका हसले. सगळेच देत नाहीत म्हणे. ऑफिसरांचं मेस वेगळं, एअरमनचं (म्हणजे काकांसारख्यांचं) वेगळं, काही जणांना दोन वर्षं एकाच फ्लाइट लाइनवर राहून आपल्या फिटरचं नाव माहीत नसतं. सॅल्यूट तर नियमानेच होतो, त्यावरून काय ओळखणार. त्यांची परीक्षा वेगळी होती: परत आलेला माणूस शिडी उतरल्यावर आधी कुठे जातो. काही जण तडक चहाकडे. काही जण घामाने भिजलेले तसेच फिटरपाशी येऊन सांगायचे की अमुक उंचीवर गेल्यावर अमुक आकडा थरथरला, अमुक आवाज आला, नुसतं 'ठीक है' म्हणून सुटायचे नाहीत. अशा माणसाचं विमान असलं की रात्री दोनला पण काम करायला कंटाळा यायचा नाही म्हणे. मला हे फार पटलं. आमच्या ऑफिसात पण सर्व्हर चालू ठेवणाऱ्या पोरांना कोणी काही सांगत नाही, बंद पडला की मात्र सगळे नाव घेऊन हाक मारतात. असो.

मग मी कारगिलचं काढलं. काका नॉर्मली ह्यावर बोलत नाहीत असं मामा म्हणाला होता, आणि खरंच फार बोलले नाहीत. २६ मे १९९९ ला हवाई हल्ले सुरू झाले, आणि दुसऱ्याच दिवशी, २७ मे ला, दोन विमानं गेली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन हवेतच बंद पडलं, ते इजेक्ट झाले नि पकडले गेले (३ जूनला परत आले). त्यांना शोधायला तिथेच घिरट्या घालणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ मिसाइलने पाडलं, ते परत आले नाहीत. काका ह्या दोन्ही स्क्वाड्रनमध्ये नव्हते, दुसऱ्याच बेसवर होते. पण इंजिन बंद पडलं ही बातमी आल्यावर आपल्या शेडमध्ये दहा मिनिटं कोणी कोणाकडे बघितलं नाही, एवढंच सांगितलं. विमान आपलं नव्हतं, इंजिनही आपल्या टाइपचं नव्हतं, तरी प्रत्येक जण मनात आपलीच शेवटची सही आठवत होता. तेवढ्या उंचीवर विरळ हवेत, रॉकेट डागताना त्याचा धूर इंजिनात गेला की इंजिन विझू शकतं, खालच्या फिटरचा त्यात काही दोष नसतो, हे सगळ्यांना माहीत असून.

आणि २८ ला तोलोलिंगच्या डोंगरावर एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्यात चार जण होते. स्क्वाड्रन लीडर पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद, सार्जंट साहू. काकांनी ही चार नावं एका दमात घेतली, आणि शेवटच्या दोघांपाशी थांबून नुसतं म्हणाले, "सार्जंट." म्हणजे त्यांच्यासारखेच. वर जाणारे वेगळे नि खाली राहणारे वेगळे असं आपल्याला वाटतं, पण हेलिकॉप्टरमध्ये खालच्यातलेच दोघं फ्लाइट इंजिनिअर नि गनर म्हणून बसलेले असतात. त्यावर मी काही विचारलं नाही, त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही, पोरगी पण कामच करत राहिली.

शेडमध्ये एकच फोटो आहे, तोही विमानाचा नाही, विक्रांतचा. जुन्या विक्रांतचा. काकांचे थोरले चुलतभाऊ नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉइलर सांभाळणारे, होते, ७१ ला बोटीच्या पोटात, बॉइलर रूममध्ये. ही गोष्ट मालवणात बऱ्याच घरांत माहीत असेल पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तेव्हा विक्रांतच्या चार बॉइलरपैकी एक तडकलेला होता, त्यामुळे बोट पूर्ण वेगाने पळू शकत नव्हती. आता विमानवाहू बोटीचा वेग कमी म्हणजे नुसतं उशिरा पोचणं नव्हे, विमान डेकवरून सुटायला समोरून वारा लागतो आणि तो वारा बोटच वाऱ्याच्या तोंडावर पळून तयार करते, वर विमानाला डेकवरून फेकणाऱ्या कॅटापुल्टला वाफ लागते ती पण बॉइलरचीच. म्हणजे बॉइलर रूममधला माणूस कमी पडला तर डेकवरचा पायलट उडतच नाही. तरी तीन बॉइलरवर बोट नेली आणि ४ डिसेंबरला तिच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, मग चितगाववर. त्या दादांनी म्हणे आख्ख्या लढाईत एकही विमान उडताना बघितलं नाही. नुसता वरून धडधडाट ऐकू यायचा आणि त्यावरून मोजायचे, किती गेली, किती आली.

मी घरी आल्यावर रात्री फोनवर ह्याच विषयाचं वाचत बसलो (नेटवर्क पडवीच्या एकाच कोपऱ्यात येतं). दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या दलाचे, ५५,५७३ लोक मेले, सगळे विमानातले. त्यांच्या लँकेस्टर नावाच्या बॉम्बर विमानात सात जण बसायचे, एका टूरला, म्हणजे एका पाळीला, ३० मोहिमा. लंडनच्या एका म्युझियममध्ये एक लँकेस्टर ठेवलंय त्याच्या नावावर १३७ मोहिमा आहेत, म्हणजे चार टूर पुऱ्या होऊन वर राहिल्या. विमान तेच, आत बसणारे बदलत गेले. खालच्या मेकॅनिकांनी रात्री विमान सोडायचं, पहाटे थंडीत उघड्यावर उभं राहून वाट बघायची, आणि नाही आलं तर दुपारी त्याच जागी दुसरं विमान, दुसरे सात चेहरे. आणि अमेरिकन लढाऊ विमानांवर तर पायलटच्या नावासोबत त्याच्या क्रू चीफचं, म्हणजे खालच्या प्रमुख मेकॅनिकचं नाव पण रंगवतात. हे काकांना सांगितलं तर म्हणाले नाव कशाला, रंग फुकट जातो. पण आवडलेलं दिसत होतं.

बरं, गॅरेजवर येऊ, हा रिव्ह्यू आहे.

काकांचं निम्मं काम होड्यांचं आहे हे लक्षात ठेवून जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळे इंजिन उघडतात, त्या दोन महिन्यांत आणि विशेषतः जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुचाकी घेऊन गेलात तर उभं पण करणार नाहीत. बरोबरच आहे, तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही ढकलाल, खोल पाण्यात वारा सुटलेला असताना इंजिन बंद पडलं तर ढकलणार कोण.

मी उभा असताना एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आले होते, मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे, पहाटे समुद्रातून आलेले, अजून घरी गेले नव्हते, हातात पिशवीत बांगडे. बांगडे पोरीकडे दिले आणि पहिलं वाक्य, "फौजी, इंजिन बरा चलता, पण परततना गियर टाकल्यार खडखडता." काकांनी लगेच रजिस्टर उघडलं. किती वेळ, भरलेल्या होडीत का रिकाम्या, आवाज एकदा का सारखा. पाच मिनिटं दोघं त्या खडखडीवर असे बोलत होते जसं कोणाच्या तरी तब्येतीबद्दल बोलतायत. मग तांडेल घरी गेले.

आणि एक नियम असा की होडीचं इंजिन ओव्हरहॉल केलं की पहिल्या ट्रायलला काका स्वतः होडीत बसून जातात. ज्याने केलं तो बसणार. मी म्हटलं हा पण एअरफोर्सचा नियम का? म्हणाले, नाय रे, "थंय सीट एकच होती. हंय जागा आसा, तर बसतंय."

२०२३ चा नौदल दिन मालवणात झाला तेव्हा आख्खा गाव तारकर्लीला लोटला होता विमानं बघायला. काका शेडमध्येच होते असं पोरीने सांगितलं. डोक्यावरून आवाज गेला तेव्हा वर बघितलं आणि म्हणाले, खंयतरी कोणतरी सकाळपासून पाने घेवन बसलेलो आसतलो. परत कामाला.

आता तक्रारी. एक ते चार बंद, म्हणजे बंदच, दार वाजवलं तर कुत्रा उठतो (तेव्हाच उठतो). फोन उचलत नाहीत, कारण काम करताना फोन फळ्याशेजारी एका डब्यात. ऑनलाइन पैसे चालतात म्हणे पण रेंज नसते, सुट्टे घेऊन जा. सायलेन्सर बदलून आवाज मोठा करून द्या म्हणणाऱ्या पोरांना सरळ हाकलतात. घाई असेल तर जाऊच नका, साधं ऑइल बदलायला पण दोन सह्या लागतात. चहा देत नाहीत. बोलणं तोडून टाकणारं आहे, मनाला लावून घेणाऱ्यांनी पोरीशी बोलावं, ती समजावून सांगते आणि काम पण तितकंच चोख, मला तर वाटतं अजून पाच वर्षांनी लोक तिच्याच नावाने गॅरेज विचारतील.

गाडी सुटली त्यानंतर मी कणकवली स्टेशनला जाऊन आलो, दोन वेळा, मागे मामाला बसवून, सगळे चढ दुसऱ्यात नि तिसऱ्यात. एकदाही मिसिंग नाही. मग आम्ही डोंबिवलीला आलो, गाडी पडवीत (टाकी रिकामी करून, तसं सांगितलंय). आल्यावर चौथ्या दिवशी फोन, अनोळखी नंबर. ती पोरगी.

"दादा, काका विचारतात गाडीचा काय?"

म्हटलं एकदम मस्त, काही त्रास नाही.

"मग 'स्नॅग नाही' लिवतंय. सही बाकी आसा तुमची, गणपतीत इलात की करा."